गुडघ्याच्या मापाचा ओटा

"बेटी क्या करती है?" असं कोणी विचारलं की द्रौपदाबाई रामटेके आधी पदर सारखा करत आणि मग सांगत, "पेंटर है." अलीगंजमध्ये एवढ्यावर भागत नसे. समोरच्या रस्तोगीभाभींनी एकदा त्यावर "अच्छा, तो हमारा गेट भी कर देगी?" असं विचारलं, आणि नीलमने खरोखरच दोन सुट्ट्या घालवून त्यांचं गेट मोरपंखी रंगवून दिलं. द्रौपदाबाईंना ते चांगलंच लागलं. दिल्लीत हिची चित्रं लोक हात मागे बांधून बघतात, आणि इथे ही लोखंडी फाटक घासत बसते.

ईश्वरराव दूरसंचार खात्यात होते. नागपूरहून लखनौला बदली झाली तेव्हा नीलम कडेवर होती. बदली दोन-तीन वर्षांची म्हणून आले आणि इथलेच झाले. अलीगंजमध्ये घर बांधलं, पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची छोटी मूर्ती लागली, कुंडीत कढीपत्ता रुजला. लहानपणी पोरगी मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची, मोठेपणी घरात मराठी बोलायला लागली. चित्रकलेचं शिक्षण तिने आधी लखनौत घेतलं, मग बडोद्याला, मग दहाएक वर्षं दिल्लीत काढली. मोठाली करड्या रंगाची चित्रं काढायची. वर्तमानपत्रात नाव यायचं. ईश्वरराव निवृत्तीच्या वेळी शिवलेला सूट घालून प्रत्येक प्रदर्शनाला जायचे आणि चित्राखालची चिठ्ठी न् चिठ्ठी वाचायचे. द्रौपदाबाई चित्रांपेक्षा पोरीच्या तोंडाकडे बघत. नीलम अंगठ्याचं नख चावत असली की त्यांना कळायचं, काहीतरी मनासारखं झालेलं नाही.

चाळिशीला टेकता टेकता नीलम ते सगळं सोडून लोकांमध्ये जाऊन काम करायला लागली. गोमतीकाठच्या धोब्यांबरोबर चादरींवर त्यांच्या घरच्यांची चित्रं छापली आणि एक दिवस सगळ्या घाटावर वाळत घातली. बाराबंकीजवळच्या एका शाळेत पोरांकडून विहिरीचा कठडा रंगवून घेतला. मग ती दिल्लीची खोली सोडून आईबापाकडे राहायला आली. लग्नाचा विषय घरात कधीच मागे पडला होता. वरच्या खोलीत तिच्या बादल्या, ब्रश आणि पोत्यांचा पसारा मांडला गेला, आणि द्रौपदाबाईंना मनातून फार बरं वाटलं. तोंडाने मात्र त्या म्हणाल्या, "घराचं पार गोदाम करून टाकलं या पोरीने."

गेल्या पावसाळ्यानंतर एका संस्थेने नीलमला कॉलनीतल्या बागेत काहीतरी करायला सांगितलं. अट एकच होती, तिथल्या लोकांना विचारून करायचं. नीलमने बागेत बैठक बोलावली. लोकांनी कारंजं सुचवलं, कोणी घोड्यावरचा पुतळा सुचवला, आणि कॉलनीच्या नावापुढे लाल बदाम असलेला सेल्फी पॉइंट हवा यावर तर पुरुषमंडळींचं लगेच एकमत झालं. नीलम सगळं ऐकून घेत होती आणि नख चावत होती.

"बायका काहीच बोलल्या नाहीत," घरी आल्यावर ती म्हणाली.

"बैठकीत कोण बोलतं," द्रौपदाबाई म्हणाल्या.

मग नीलम दुपारच्या वेळी घरोघर जायला लागली. बायकांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, चहा प्यायची आणि विचारायची, तुम्ही बागेत जाऊन काय करता? रात्री जेवताना आईबाबांना सांगायची. रस्तोगीभाभी डॉक्टरने सांगितलं म्हणून चालायला जातात, पण एक फेरी झाली की परत येतात, कारण टेकायला जागा नाही. आहेत त्या बाकांवर पत्ते खेळणारे असतात. शेजारच्या नुजहत आपांचा पाय धरतो. त्या म्हणाल्या, बाग पुरुषांची आहे, आम्ही कडेकडेने जातो.

"पत्त्यांचं काय आहे त्यात," ईश्वरराव पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. ते त्या खेळणाऱ्यांतलेच एक होते. "कोणी म्हटलं तर आम्ही सरकू."

"कोणी म्हणत नाही ना, बाबा."

द्रौपदाबाई वाढत होत्या. भाजीची वाटी त्यांनी जरा जोरात ठेवली.

"सगळ्या कॉलनीला विचारून राहिली," त्या म्हणाल्या. "मलाच तेवढं नाही विचारलं."

नीलम हसली. "तुझं मला माहीत आहे ना, आई. तू तर रोज तीन फेऱ्या मारतेस."

द्रौपदाबाईंनी भाजीचं भांडं झाकलं. ताट घेऊन आत गेल्या. नीलमने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले. जेवण झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, तू बागेत जाऊन काय करतेस?"

द्रौपदाबाईंनी नळ बंद केला. हात पुसले. त्यांना एकदम रडू येईल असं वाटलं, आणि एवढ्याशा प्रश्नाने रडू यावं याची लाजही वाटली.

"मी नाही जात," त्या म्हणाल्या. "फाटकापर्यंत जाते. गुडघे पुढे जाऊ देत नाहीत. मग कोपऱ्यावर ते बंद दुकान आहे ना, जुनं पिठाच्या गिरणीचं, त्याच्या पायरीवर बसते. तुझ्या बाबांचा डाव संपेपर्यंत. ते काही पानांतून मान वर करत नाहीत. मग घरी येते आणि सांगते, तीन झाल्या."

"किती दिवस?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील."

"सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं. तू दिल्लीला. आणि ते डॉक्टर डॉक्टर करून डोकं खातील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलम आईबरोबर निघाली आणि गिरणीच्या पायरीवर तिच्याशेजारी बसली. समोरून स्कूटर जात होत्या. मोमोजवाल्याने गाडी लावली होती, वाफ रस्त्यावर येत होती. मायलेकी बराच वेळ बसल्या. उठायची वेळ झाली तेव्हा द्रौपदाबाईंनी एक हात भिंतीला लावला, दुसरा मांडीवर दाबला, ओठ मिटले, आणि एकदा उठता उठता परत खाली बसल्या.

"पायरी खाली आहे," त्या श्वास घेत म्हणाल्या. "बसणं सोपं, उठणं अवघड. वीतभर उंच असती तर काही नव्हतं."

नीलमने पिशवीतून टेप काढला आणि तिथेच, रस्त्यावर, आईच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. द्रौपदाबाईंनी आजूबाजूला पाहून साडी सारखी केली. "अगं, लोक बघून राहिले."

"बघू दे."

असं ते सुरू झालं. नीलम परत घरोघर गेली, या वेळी टेप घेऊन. रस्तोगीभाभी आधी खुदखुदू हसल्या आणि मग विचारायला लागल्या की ब्लाउजचं पण घेणार का. रस्तोगीभाभी उंच होत्या, नुजहत आपा ठेंगण्या आणि जाड, मधल्या गल्लीतल्या वकिलाची आई तर इतकी वाकलेली की तिला जवळजवळ मुलांच्या खुर्चीएवढी जागा लागणार होती. नीलमने ठरवलं की एकच लांब ओटा करायचा, पण एका पातळीत नाही. ज्या बाईला जेवढी उंची लागते तेवढी तिथे. मध्ये मध्ये हात टेकून उठायला जाड गोल कठडे. वरखाली होत जाणारा, बागेच्या कडुलिंबाला वळसा घालून जाणारा ओटा.

तिने कागदावर काढून दाखवला तेव्हा ईश्वरराव चष्मा वर करून बघत राहिले.

"लेव्हलमध्ये नाही हे," ते म्हणाले.

"माणसं कुठे लेव्हलमध्ये असतात, बाबा."

"लोक हसतील."

"हसू देत," द्रौपदाबाई मागून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच जरा अनोळखी वाटला.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. गवंडी जवळच्या चिनहट गावचे होते. त्यांनी पहिल्याच दिवशी दोरी बांधून ओळंब्यात सरळ विटा लावल्या आणि नीलमने त्या काढायला लावल्या. दोन दिवस वाद झाला. शेवटी द्रौपदाबाईंनाच बागेत नेऊन विटांच्या थरांवर बसवलं, एक थर कमी, एक जास्त, आणि गवंड्याने त्या उठताना बघितल्या. मग त्याने दोरी गुंडाळून ठेवली.

ओट्यावर लावायला नीलमने घराघरातली फुटकी भांडी मागितली होती. फुटलेली बशी कोणी टाकत नाही, कुठेतरी माळ्यावर ठेवतात, हे तिला माहीत होतं. हळूहळू बायका यायला लागल्या. लग्नातल्या सेटमधला उरलेला एकच कप, कान तुटलेली बरणी, निळ्या फुलांची ताटली. नुजहत आपांचे सासरे चिकनकारीच्या भरतकामासाठी कापडावर नक्षी छापायचे. त्यांचे लाकडी ठसे आपा गाठोड्यात बांधून घेऊन आल्या. ओल्या सिमेंटवर ते ठसे दाबले की आंब्याच्या कोयरीसारखी नक्षी उमटायची. ठसा कसा धरायचा, किती दाबायचा, हे त्या बायकांना शिकवत राहिल्या आणि चुकलं की हातावर चापट मारत राहिल्या.

द्रौपदाबाई आधी लांबूनच बघत. इतकी वर्षं या गल्लीत राहून त्यांचं येणंजाणं दारापुरतंच होतं. नव्या नव्या असताना रस्तोगीभाभींकडच्या कीर्तनाला गेल्या होत्या. तिथे एकीने "रामटेके, मतलब कौन?" असं विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारला नाही. पुढे बोलावणं येत राहिलं, द्रौपदाबाई काही ना काही कारण सांगत राहिल्या. कोणी कधी वाईट बोललं नाही. पण काही गोष्टी न बोलताही समजतात, आणि द्रौपदाबाईंना समजत होत्या.

एक दिवस नुजहत आपांनी लांबूनच हाक मारली, "रामटेके भाभी, खड़ी क्या हैं, यह पकड़िए." आणि हातात ठसा दिला. द्रौपदाबाईंनी दाबला. कोयरी जरा तिरकी आली. "चलेगी," आपा म्हणाल्या. "मेरी भी पहली ऐसी ही थी." मग त्या रोज जायला लागल्या. घरून फुटलेली चहाची किटलीही घेऊन गेल्या, नागपूरहून आणलेली, लग्नातल्या आहेरात आलेली. तिची हिरवी ठिकरी नीलमने आईच्या जागेवर लावली. ती जागा द्रौपदाबाईंनी स्वतः निवडली होती, अगदी टोकाची, कुंपणाजवळची. नीलमने विचारलं, मध्ये का नाही? त्या म्हणाल्या, "इथे बरं आहे. वारा येतो."

पौष लागता लागता ओटा झाला. उद्घाटनाला नगरसेवक आले. फीत कापली, फोटो झाले, आणि त्यांना ओट्यावर बसायचा आग्रह झाला. ते बसले ते रस्तोगीभाभींच्या जागेवर. त्यांचे पाय जमिनीला लागेनात. ते तसेच पाय हलवत भाषण करत होते आणि नुजहत आपा तोंडाला दुपट्टा लावून हसत होत्या.

लखनौचं ऊन जानेवारीत सोन्याच्या मोलाचं असतं. सकाळचं धुकं अकराला उठतं आणि मग दोनतीन तास बाग पिवळी होऊन बसते. ओटा नेमका उन्हात होता. बायका चार दिवस बसल्या, वाटाणे सोलले, लोकर विणली. पाचव्या दिवशी द्रौपदाबाई गेल्या तर ओटा भरलेला होता. पत्तेवाले आपले जुने बाक सोडून इथे आले होते. जुने बाक सावलीत होते. एका कठड्यावर चहाचे कागदी पेले, नुजहत आपांच्या जागेवर पत्त्यांचा डाव. आणि कुंपणाजवळच्या टोकावर, हिरव्या ठिकरीवर, ईश्वरराव.

द्रौपदाबाई फाटकातूनच परत आल्या. रस्तोगीभाभी रस्त्यात भेटल्या, त्याही परत निघाल्या होत्या. "अब क्या कहें," त्या म्हणाल्या. "बड़े लोग हैं." कोणी कोणाला काही म्हणालं नाही. पुढचे काही दिवस बायका बागेकडे फिरकल्याच नाहीत.

नीलम तेव्हा दिल्लीला गेली होती. आली तेव्हा तिने ओटा बघितला. जेवली नाही. रात्री वरच्या खोलीत दिवा जळत राहिला. सकाळी खाली आली ती एक पाटी रंगवून. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, यह जगह महिलाओं के लिए.

ईश्वररावांनी पाटी बघितली आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"पाटी नको लावू," द्रौपदाबाई म्हणाल्या.

"मग काय करू? आई, इतकी वर्षं हेच होतं. लोकांबरोबर करायचं, आणि झालं की लोकांतले जे मोठे असतात ते येऊन बसतात. मला वाटलं आपल्या गल्लीत तरी..." ती नख चावायला लागली.

द्रौपदाबाईंनी तिचा हात तोंडातून काढला, लहानपणी काढायच्या तसा.

"पाटी लावली की ती जागा सरकारची होते," त्या म्हणाल्या. "थांब जरा."

धुकं उठल्यावर त्यांनी शाल घेतली आणि निघाल्या. नीलम मागून येत होती, तिला त्यांनी फाटकाशी थांबवलं. बागेत गेल्या. ओट्यापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. पत्तेवाल्यांनी पाहिलं, नमस्ते भाभीजी म्हणाले आणि परत पानांत बघायला लागले. द्रौपदाबाई कुंपणाजवळच्या टोकाशी गेल्या, नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला चारचौघांत काही म्हटलं नव्हतं.

"उठा," त्या मराठीत म्हणाल्या.

ईश्वररावांनी वर पाहिलं. हातात तेरा पानं होती.

"इथे माझे गुडघे बसतात. तुमचे नाही. मी दोन वर्षं गिरणीच्या पायरीवर बसून काढली, तुम्हाला खोटं सांगून. तीन फेऱ्या, तीन फेऱ्या. एक पण नव्हती होत. उठा आता."

बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं, पण कळायचं ते कळलं. ईश्वरराव बायकोकडे बघत राहिले. पायरीचं त्यांना ठाऊक नव्हतं. नीलमनेही सांगितलं नव्हतं. त्यांनी पानं हळूच मिटली, शेजाऱ्याच्या हातात दिली आणि उठले. नुसते उठले नाहीत, कठड्यावरचे चहाचे पेले गोळा केले, शालीने ओटा झटकला, आणि बायकोला बसायला हात दिला.

"भई, अपना बेंच वहीं ठीक था," ते मित्रांना म्हणाले. "चलिए."

"वहाँ धूप नहीं आती, रामटेके जी."

"तो बेंच धूप में खींच लेंगे. उसमें क्या है."

मंडळी कुरकुरत उठली. दोघांनी मिळून लोखंडी बाक ओढत उन्हात आणला, त्याचा कर्कश आवाज सगळ्या बागेत झाला. त्या आवाजाने रस्तोगीभाभी गच्चीवर आल्या. द्रौपदाबाईंनी त्यांना हात केला.

"आइए ना, भाभी," त्या म्हणाल्या. "आपकी जगह ख़ाली है."

रस्तोगीभाभी आल्या, येताना नुजहत आपांनाही घेऊन आल्या. फाटकाशी उभी असलेली नीलम तेवढं बघून घरी गेली आणि आदल्या रात्रीचं जेवण गरम करून उभ्यानेच जेवली.

त्या संध्याकाळी ईश्वरराव बायकोला घेऊन डॉक्टरकडे गेले. द्रौपदाबाईंना वाटलं होतं तसं त्यांनी खरंच डोकं खाल्लं, पण रिक्षात बसताना त्यांनी आधी आपण चढून मग तिला हात दिला, आणि उतरताना आधी उतरून.

फेब्रुवारीत दिल्लीहून एक बाई ओट्याचे फोटो काढायला आली. मोठ्या मासिकात येणार होते. तिला ओटा मोकळा हवा होता, म्हणजे आकार नीट दिसेल. तिने नीलमला हळूच तसं सांगितलं. नीलमने बायकांकडे पाहिलं. वकिलाची आई डोळे मिटून ऊन खात होती, रस्तोगीभाभी फोनवर सुनेला फोडणी सांगत होत्या. "मी नाही उठवू शकत," नीलम म्हणाली. "तुम्ही सांगून बघा." ती बाई गेली सांगायला, आणि अर्ध्या तासाने नुजहत आपांच्या शेजारी बसलेली होती, मांडीवर हिरव्या चण्यांचं ताट घेऊन. फोटो आले ते बायकांसकटच आले.

मग नीलमला भोपाळचं काम मिळालं आणि ती काही महिन्यांसाठी गेली. जाताना द्रौपदाबाईंनी डब्यात तिळाच्या पोळ्या दिल्या आणि खोली तशीच राहू द्यायचं कबूल केलं.

होळीच्या आधी नुजहत आपांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याने वॉकर घेऊन बागेत आल्या तर त्यांची जागा त्यांना बसेना. डॉक्टरने उंच बसायला सांगितलं होतं. आपांनी रस्तोगीभाभींची जागा मागितली. रस्तोगीभाभींनी थोडे आढेवेढे घेतले, मग द्रौपदाबाईंच्या जागेवर येऊन पाहिलं, ती त्यांना चालण्यासारखी होती. राहिली आपांची ठेंगणी जागा. द्रौपदाबाईंनी तिथे बसून पाहिलं. उठायला जरा जड गेलं, पण गोळ्यांनी आणि व्यायामाने गुडघे आता थोडं ऐकत होते, आणि कठडा दोन्ही बाजूंनी होता.

तिथूनच त्यांनी नीलमला फोन लावून हे सांगितलं. नीलम काळजीत पडली.

"आई, मी गवंड्याला पाठवते. आपांची जागा दोन विटांनी वर घेऊ. चुकलंच माझं, वय वाढणार हे धरायला हवं होतं."

"कशाला," द्रौपदाबाई म्हणाल्या. "आम्ही सरकलो ना."

"तुला त्रास होईल तिथे."

"झाला तर परत सरकू. रस्तोगीभाभी नाही म्हणत नाहीत आता. कीर्तनाला बोलावून राहिल्या परवा."

"जाणार आहेस?"

"बघू. म्हटलं, आधी तुम्ही या चौदा एप्रिलला, खीर खायला. मग मी येते."

नीलम पलीकडे हसली. तिने भोपाळच्या तलावाचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, कोळ्यांच्या बायका, जाळी, रंग. द्रौपदाबाई ऐकत होत्या. ईश्वरराव समोरच्या बाकावरून पत्ते टाकता टाकता त्यांच्याकडे बघत होते, नीलमच आहे का, असं खुणेने विचारत होते.

"अगं, ठेवते आता," द्रौपदाबाई म्हणाल्या. "आपांनी लसूण आणलाय सोलायला. एका हाताने नाही होत."